टॅबलेट कपाटात पडून राहू नये म्हणून: स्टँड, चार्जर आणि मोजकी अ‍ॅप्स

नवा टॅबलेट घरी आला की लोक आधी अ‍ॅप्स शोधायला बसतात. क्रम उलटा हवा. टॅबलेट घरात नेमका कुठे बसणार, ओट्याशेजारी, अभ्यासाच्या टेबलावर की आजोबांच्या आरामखुर्चीपाशी, हे आधी ठरवा. मोबाईल खिशात असतोच, टॅबलेटला मात्र जागा नेमून द्यावी लागते. नाही दिली तर काही दिवसांनी तो बॅटरी उतरलेल्या अवस्थेत कपड्यांच्या घडीखाली सापडतो.

आधी स्टँड

पुण्यात या खरेदीला इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची तपकीर गल्लीच बरी. गाडी लावायच्या भानगडीत पडू नका, मेट्रोने मंडईला उतरून चालत जा. आणि टॅबलेट सोबत न्या, नुसतं मॉडेलचं नाव सांगून काम होत नाही.

दुकानात स्टँडवर टॅबलेट आडवा ठेवा आणि वरच्या कोपऱ्यावर बोटाने दोन-तीनदा टकटक करा. मागे कलंडला किंवा डुलला, तर तो स्टँड मोबाईलचा आहे. खाली रबर असलेला, जड बुडाचा, दोन सांध्यांचा धातूचा स्टँड घ्या. कव्हर घेताना झाकण मिटून बघा, स्क्रीन आपोआप बंद झाली पाहिजे. म्हणजे झाकणातलं चुंबक योग्य जागी आहे. कॅमेरा आणि चार्जिंगची खाच मोकळी राहते का, तेही तिथेच पाहा.

पेन घेताना जपून. शंभर-दोनशे रुपयांचं रबरी टोकाचं पेन म्हणजे बोटाचाच पर्याय. त्याने सही होईल, पण गणितं सोडवता येणार नाहीत. लिहायचंच असेल तर तुमच्या मॉडेलला चालणारं अ‍ॅक्टिव्ह पेन, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक्स असलेलं पेन, लागतं. अ‍ॅपल पेन्सिल आयपॅडखेरीज कुठे चालत नाही, आणि प्रत्येक पेन्सिल प्रत्येक आयपॅडलाही चालत नाही. दुकानातच तळहात काचेवर टेकवून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ लिहून बघा. हाताच्या रेघोट्या उमटल्या तर पेन परत द्या.

चार्जर, केबल आणि गुरुवार

८,००० एमएएच बॅटरीत साधारण ३० वॅट-तास वीज मावते. जुन्या मोबाईलच्या १० वॅट चार्जरवर ती भरायला कागदावर तीन तास, प्रत्यक्षात त्याहून जास्त. तुमचा टॅबलेट किती वॅट घेतो ते खोक्यावर बघा. १५ वॅटच्या टॅबलेटला ४५ वॅटचा चार्जर जोडला तरी तो १५ वॅटच घेणार. मालिका बघायला दिवसभर चार्जरवर असणाऱ्या टॅबलेटला बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल, तर ती सेटिंगमध्ये जाऊन सुरू करा.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की टॅबलेट चालू असतो, पण राउटर बंद पडतो. त्यासाठी राउटरचा छोटा मिनी यूपीएस मिळतो. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते वाचून मगच घ्या.

मग अ‍ॅप्स

पहिलं काम मराठी कीबोर्डचं. गूगलचं जीबोर्ड हे कीबोर्ड अ‍ॅप टाका, त्याच्या सेटिंगमध्ये लँग्वेजेस, मग अ‍ॅड कीबोर्ड, मग मराठी. देवनागरी कळा, इंग्रजी अक्षरांतून मराठी आणि हाताने लिहिणे, असे पर्याय दिसतील. ज्येष्ठांना हस्तलेखन द्या. दहा इंची पडद्यावर बोटाने लिहिणं त्यांना पटकन जमतं. बाकीच्यांनी माईक दाबून बोलावं.

मुलांसाठी ई-बालभारतीवरून पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ उतरवून घ्या, फुकट आहेत. छापील पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने उघडतात. मराठी पुस्तकांना बुकगंगा किंवा किंडल. पेनड्राइव्हवरचे लग्नाचे व्हिडिओ बघायला व्हीएलसी हे व्हिडिओ प्लेअर अ‍ॅप आणि पेनड्राइव्ह टॅबलेटला जोडणारा एक ओटीजी अ‍ॅडॉप्टर पुरे. रियाज करणाऱ्यांनी तानपुऱ्याच्या अ‍ॅपसोबत बाहेरचा स्पीकर घ्यावाच. टॅबलेटच्या इवल्या स्पीकरमधून खर्ज ऐकूच येत नाही.

जुन्या याद्यांमध्ये कॅमस्कॅनर, शेअरइट, ईएस फाइल एक्सप्लोरर ही नावं हमखास सापडतात. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅप्समध्ये ही तिन्ही होती. कुठून तरी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवायची फाइल, आणून ती बसवू नका. अँड्रॉइडवर कागद स्कॅन करायला गूगल ड्राइव्ह आणि फाइल पाठवायला क्विक शेअर आहे. आयपॅडवर नोट्स आणि एअरड्रॉप.

सिमकार्डाची सोय नसलेला, नुसता वायफायवालाच टॅबलेट घेतला असेल तर एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवा. त्यावर यूपीआय सुरू होत नाही, कारण नोंदणीला बँकेत दिलेल्या नंबरचं सिमकार्ड त्याच यंत्रात लागतं. व्हॉट्सअ‍ॅप मात्र मोबाईलला जोडून चालतं: मोबाईलवर लिंक्ड डिव्हाइसेस उघडा आणि टॅबलेटवरचा कोड स्कॅन करा.

नातवंडांच्या हाती द्यायच्या आधी सुरक्षेच्या सेटिंगमधलं अ‍ॅप पिनिंग, म्हणजे एकच अ‍ॅप पडद्यावर अडकवून ठेवायची सोय, सुरू करा आणि पिन विचारण्याचा पर्यायही निवडा. आयपॅडवर हेच काम गायडेड अ‍ॅक्सेस करतं. मग गोष्टीचं अ‍ॅप सोडून आजोबांच्या मेसेजमध्ये शिरता येत नाही.