सफरचंदाच्या बागेत विषाणू शोधताना

एम.एस्सी.ला विषाणूरोग मी पपईवर शिकले. रिंगस्पॉट हा पपईचा विषाणू मावा (कीटक) पसरवतो, पानं आक्रसतात, बांधावरूनच रोग दिसतो. तीच नजर घेऊन हिमाचलात कोटगढच्या सफरचंद बागांच्या सर्वेक्षणाला गेले आणि पहिला हंगाम वाया गेला.

आम्ही जुलैत गेलो होतो. मोझॅक या सफरचंदाच्या विषाणूरोगाचे दुधी-पिवळे डाग वसंतातल्या पालवीवर दिसतात. उन्हाळ्यात फुटलेली पानं मात्र त्याच फांदीवर स्वच्छ हिरवी असतात. उष्णतेत विषाणूचं प्रमाणही घटतं, एलायझात (प्रतिपिंडांनी विषाणू ओळखणाऱ्या चाचणीत) तो निसटतो. तुम्ही एप्रिलमध्येच जा. कोवळी पानं आणि पाकळ्या घ्या, तेही झाडाच्या चारही बाजूंनी, कारण विषाणू झाडभर सारखा नसतो. लेबल पेन्सिलने लिहा, बर्फाच्या पेटीत शाई फुटते. सफरचंदाच्या पानांत चाचणी बिघडवणारी फिनॉल रसायनं भरपूर, म्हणून पानं वाटताना बफरच्या द्रावणात ती धरून ठेवणारं पीव्हीपी हवंच.

खरी अडचण वेगळीच. क्लोरोटिक लीफ स्पॉट, स्टेम ग्रूव्हिंग, स्टेम पिटिंग हे विषाणू बहुतेक व्यापारी जातींवर काहीच लक्षण दाखवत नाहीत. नुसती आजारी झाडं निवडलीत तर सर्वेक्षण तिथेच फसलं. ओळीतलं ठरावीक क्रमांकाचं झाड घ्या, कितीही टवटवीत असो. नासपतीवर आणि क्विन्सवरही हेच विषाणू असतात, ती झाडं सोडू नका. (क्विन्स म्हणजे काश्मीरचं बमचूंठ, आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा बिहीदाणा याच फळाचं बी.)

या तीन विषाणूंचा मावा किंवा दुसरा वाहक कीटक माहीत नाही. ते पसरतात कलमातून, म्हणून प्रत्येक बागेत मी आधी विचारते, कलमाची काडी कुठून आणली? एका बागवान काकांनी कौतुकाने घराजवळचं झाड दाखवलं. सगळं गाव त्याच्याच काड्या नेतं, म्हणाले. एकही पान डागाळलेलं नव्हतं. चार दिवसांनी एलायझाच्या प्लेटवर त्या झाडाच्या नमुन्याचे दोन्ही खळगे गडद पिवळे झाले, म्हणजे विषाणू होता; शेजारचा निरोगी नमुना पाण्यासारखा.

निकाल सांगायला मी स्वतः गेले. काकांनी विचारलं, “दवा कौन सी मारूँ?” विषाणूवर फवारणी नाही, हे तिथे स्पष्ट सांगावं लागतं. ते बराच वेळ झाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तो काडी किससे लूँ?” नमुने नकारात्मक आलेल्या झाडांना आम्ही त्याच दुपारी दोघांनी मिळून खुणेच्या फिती बांधल्या, पुढच्या एप्रिलला पुन्हा तपासण्यासाठी. एका चाचणीच्या भरवशावर मातृवृक्ष, म्हणजे काड्या घ्यायचं झाड, ठरवत नाहीत.