घरच्या खोलीतील रेकॉर्डिंगमधून नियमित उत्पन्न : कोल्हापुरात सुरुवात कशी करावी

घरी स्टुडिओ उभारणारे बरेच जण गाण्यांपासून सुरुवात करतात आणि वर्षभरात निराश होतात, कारण गाण्याला वादक, प्रशस्त खोली आणि मिक्सिंगचा मुरलेला अनुभव लागतो, आणि हे सर्व असलेले व्यावसायिक स्टुडिओ शहरात आधीपासून आहेत. दहा बाय बाराच्या खोलीतून महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात ते मुख्यतः बोललेल्या आवाजाचे. १९३२ मध्ये मराठीतील पहिला बोलपट प्रभात फिल्म कंपनीने ज्या शहरात तयार केला, त्या कोल्हापुरात आजही निवेदक, शाहीर आणि हौशी नाट्यकलावंत पेठापेठांत भेटतात. त्यांचा आवाज आणि गावातील गरज यांची गाठ घालून देणे हेच घरच्या स्टुडिओचे खरे काम आहे, असे मला ठामपणे वाटते.

खोली निवडताना रस्त्यापासून दूरची, घराच्या आतल्या बाजूची निवडावी. वरच्या मजल्यावरील पत्र्याखालची खोली मोकळी असली तरी ती घेऊ नये. कोल्हापूरच्या पावसात जूनपासून पुढे कित्येक आठवडे तिथे एक वाक्यही स्वच्छ मिळणार नाही. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवल्याने बाहेरचा आवाज थांबत नाही आणि आतला घुमाराही फारसा कमी होत नाही. त्याऐवजी बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड वाकळा भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगाव्यात, खाली सतरंजी घालावी आणि कपड्यांनी भरलेले उघडे कपाट मायक्रोफोनच्या मागे येईल अशी मांडणी करावी. पंखा आणि फ्रिज बंद ठेवून अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करावी आणि ती हेडफोनवर मोठ्याने ऐकावी. त्यात सलग गुणगुण ऐकू आली तर बहुधा ती विजेच्या ५० हर्ट्झची असते, आणि अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

साहित्यावर सुरुवातीला फार खर्च करण्याची गरज नाही. एक चांगला डायनॅमिक (मुख्यतः जवळचा आवाज टिपणारा) मायक्रोफोन, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारे उपकरण), बंद कपांचे हेडफोन, पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ उच्चारताना येणारी फुंकर अडवणारी जाळी) आणि ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम सुरू होते. कंडेन्सर मायक्रोफोन अधिक तपशील टिपतो हे खरे, परंतु तो गल्लीतील रिक्षा आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही तितक्याच निष्ठेने टिपतो, म्हणून न सुधारलेल्या खोलीत त्याचा मोह टाळावा. बोलणाऱ्याचे तोंड मायक्रोफोनपासून सुमारे वीतभर दूर ठेवून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि मोनो (एकाच वाहिनीत) अशा मांडणीत रेकॉर्ड करावे, आणि सर्वांत मोठा उच्चारही सॉफ्टवेअरमधील पातळीच्या मापकावर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही एवढी पातळी ठेवावी. एकदा आवाज फाटला की तो नंतर नीट दुरुस्त होत नाही.

कामांमध्ये गणेशोत्सवातील सजीव देखाव्याचे रेकॉर्डिंग मी सर्वांत वर ठेवतो. अशा देखाव्यात कलाकार आधी रेकॉर्ड केलेल्या संवादांवर ओठ हलवून अभिनय करतात आणि तोच प्रयोग एका रात्रीत अनेक वेळा होतो, त्यामुळे रेकॉर्डिंगमधील प्रत्येक सेकंदाला किंमत असते. संवाद टिपण्यापूर्वी मंडळाच्या तालमीला जावे. तलवार उपसायला, मावळ्याला पायऱ्या चढून वर यायला किंवा प्रकाश बदलायला किती सेकंद लागतात ते मोजून संहितेत त्या त्या ओळीखाली लिहावे आणि संपादनात नेमकी तेवढी जागा मोकळी सोडावी. सरदाराचे दरडावणे आणि आईचे हुंदक्यातले बोलणे यांतला जो फरक खोलीत सुंदर वाटतो, तो रस्त्यावर टिकत नाही, कारण पुढच्या चौकातील मंडळाचा आवाज चालू असताना हळू बोललेले वाक्य ऐकूच येत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमधील कॉम्प्रेसर (मोठ्या आणि हळू आवाजांतील अंतर कमी करणारी सोय) वापरून हा फरक कमी करावा आणि संवाद चालू असेपर्यंत पार्श्वसंगीत १२ ते १५ डेसिबलने खाली ठेवावे. हे काम श्रावणातच घ्यावे. शेवटच्या आठवड्यात आलेल्या मंडळाला तालमीच्या वेळा मोजून देणे शक्य नसते, आणि तसे स्पष्ट सांगून नकार देणे दोघांच्याही हिताचे असते.

वर्षभर चालणारे काम म्हणजे जाहिरातीची निवेदने. रिक्षावरील भोंग्यातून खर्जातला आवाज बाहेर पडत नाही, म्हणून २०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाकावा आणि शेवटची तपासणी मोठ्या स्पीकरवर न करता मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर करावी. रिक्षा पुढे सरकत असल्याने दारात उभ्या असलेल्या माणसाला निवेदनाचे थोडेच सेकंद ऐकू येतात. त्यामुळे दुकानाचे नाव आणि ठिकाण दर दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा यावे, हे संहिता घेऊन येणाऱ्या दुकानदाराला समजावून सांगावे. पतसंस्था आणि दवाखान्यांना फोनवर वाजणारे संदेश लागतात. साध्या फोनवाहिनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असल्याने तिथे गोड आवाजापेक्षा स्पष्ट उच्चार महत्त्वाचा ठरतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना सुरक्षिततेच्या सूचना मराठी आणि हिंदीत हव्या असतात. तिथे नमुना म्हणून स्वतः रेकॉर्ड केलेली एक मिनिटाची सूचना घेऊन प्रत्यक्ष जावे. ओतकामाच्या भट्टीजवळ कोणते शब्द कामगार वापरतात ते तिथल्या फोरमनलाच विचारून घ्यावे.

दर ठरवताना तासावर न ठरवता तयार झालेल्या मिनिटांवर ठरवावा. एका तासाच्या तयार वाचनामागे रेकॉर्डिंग, चुका काढणे आणि पुन्हा ऐकून तपासणे मिळून साधारण चार ते सहा तास जातात. समजा आपल्या एका तासाच्या श्रमाचे ३०० रुपये धरले आणि पाच तास लागले, तर तयार तासाचे १,५०० रुपये होतात. निवेदकाचे मानधन त्यात धरलेले नाही, ते वेगळे दाखवावे. अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी. आपल्या चुकीची दुरुस्ती विनामूल्य करावी आणि ग्राहकाने मजकूर बदलल्यास वेगळा आकार लावावा, हे आधीच लेखी ठरवावे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही, तरीही बिल प्रत्येक कामाचे द्यावे.

हक्कांच्या बाबतीत मात्र ढिलाई चालत नाही. भजनी मंडळे अभंग रेकॉर्ड करायला येतात तेव्हा तुकोबांचे शब्द सर्वांचे असले, तरी गाजलेली चाल संगीतकाराची असू शकते. भारतीय कायद्यानुसार तिचा हक्क संगीतकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. पारंपरिक चालीत गाण्याचा आग्रह आपणच धरावा. चित्रपटगीताच्या चालीवर प्रचाराचे शब्द बसवून मागणाऱ्याला हक्कधारकाची परवानगी विचारावी आणि ती नसेल तर स्थानिक पेटीवादक आणि हलगीवादक घेऊन नवी चाल करून देण्याचा प्रस्ताव ठेवावा. यातून त्या वादकांनाही काम मिळते. इंटरनेटवरील ‘मोफत’ संगीत पुष्कळदा केवळ वैयक्तिक वापरापुरते मोफत असते, म्हणून त्याची अट वाचून तिची प्रत कामाच्या फोल्डरमध्ये जपावी. निवेदकाकडून त्याचा आवाज कुठे आणि किती काळ वापरला जाईल याची सही घ्यावी. संगणकाला आवाज शिकवण्यासाठी तो दिला जाणार नाही ही ओळ त्यात अवश्य असावी.

काम दिल्यानंतर मूळ रेकॉर्डिंग पुसू नये. प्रत्येक वाक्याच्या फाइलला ग्राहकाचे नाव आणि वर्ष देऊन दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ते ठेवावे, आणि खोलीतील मायक्रोफोनची जागा व अंतर वहीत टिपून ठेवावे. पुढच्या वर्षी तेच दुकान ‘फक्त तारीख बदलून द्या’ म्हणून येते. तोच निवेदक त्याच अंतरावर बसवून एक वाक्य जुन्यात बेमालूम बसवता आले, तर अर्ध्या तासाच्या या कामाला मूळ दराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आकार लावणे रास्त ठरते, आणि तो दरही पहिल्याच बिलावर छापलेला असावा.