घरी खाद्य-उंदीर वाढवताय? गोव्याच्या हवेत या चुका टाळा

कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन हे परदेशी साप पाळणाऱ्याच्या मनात कधी ना कधी येतेच, की उंदीर विकत आणण्यापेक्षा घरीच का वाढवू नयेत? वाढवता येतात, माइस म्हणजे लहान जातीचे उंदीर तर सहज. पण याविषयी वाचायला मिळते ती बहुतेक माहिती थंड, कोरड्या देशांतली. तिथे हवा इतकी कोरडी असते की रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, पिलांच्या शेपटीला वळे पडून ती झडू नये म्हणून खोलीत ओलावा वाढवायला सांगतात. पेडण्यात किंवा वाळपईत ऐन पावसात हे कोणी केले तर आठवड्याभरात डब्याला बुरशी धरेल. आपल्याकडे बहुतेक बिघाडांच्या मुळाशी ओली, कोंडलेली हवा असते. काहीही बिनसले तर आधी हवा आणि पाणी तपासा, औषधाचा विचार नंतर.

कायद्याचेही आधीच सांगितलेले बरे. धामण, नाग, अजगर हे आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घरी ठेवता येत नाहीत. बॉल पायथनसारख्या, सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी जातींची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

गणित न करता सुरुवात करणे

माइसची मादी १९ ते २१ दिवसांत विते, एका वेतात साधारण ६ ते १० पिले देते आणि व्याल्यापासून २४ तासांच्या आत पुन्हा माजावर येते. नर सोबतच राहिला तर ती दूध पाजता पाजताच गाभण राहते. म्हणजे एक नर आणि दोन माद्या महिन्याला १२ ते २० पिले देतात. कॉर्न स्नेकचे पिल्लू पाच-सात दिवसांनी एक पिंकी, म्हणजे उंदराचे बिनकेसाचे नवजात पिल्लू, खाते, महिन्याला जेमतेम चार ते सहा. उरलेल्यांचे काय करणार, हे आधी ठरवा. विकणार असाल तर २०१८ च्या पेट शॉप नियमांखाली राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. एकच साप असेल तर वाढवण्याच्या फंदात पडू नये, विकत आणलेले स्वस्त पडतात.

रॅटचे गर्भारपण २१ ते २३ दिवसांचे, वेत ८ ते १२ पिलांचे. मोठे बॉल पायथन दोन-तीन असतील तर रॅटची एक जोडी पुरते, आणि तीही मधूनमधून वेगळी ठेवावी लागते.

हवा बंद करणारा डबा

झाकणाला चार भोके पाडलेला प्लास्टिकचा डबा, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. एक नर आणि दोन-तीन माद्या माइससाठी साधारण ४० बाय ३० सेंटिमीटर तळाचा डबा पुरतो, रॅटसाठी निदान त्याच्या दुप्पट. झाकणाचा निम्म्याहून जास्त भाग कापून वेल्डमेश बसवा आणि समोरासमोरच्या दोन बाजूंनाही खिडक्या काढा, नाहीतर हवा वरच्या वर फिरते आणि तळ तसाच राहतो. जाळीचे छिद्र ६ मिलिमीटरपेक्षा मोठे नको, माइसची लहान पिले सहज निसटतात. जाळी आतल्या बाजूने लावा. प्लास्टिकची कापलेली कड दातांना मोकळी मिळाली की एका रात्रीत तिथे वाट तयार होते.

हवेचा एवढा आग्रह कशासाठी? मूत्रातला युरिया जिवाणू फोडतात आणि अमोनिया तयार होतो, आणि ओल्या भुशात हे काम झपाट्याने होते. अमोनिया श्वासनलिकेचे अस्तर जाळतो. रॅटमध्ये मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू बहुधा आधीपासून असतोच. अस्तर खराब झाले की तो डोके वर काढतो. मग शिंका, श्वास घेताना टिकटिक आवाज, विस्कटलेले केस, डोळ्यांभोवती लालसर डाग. हा डाग रक्ताचा नसतो. डोळ्यामागच्या ग्रंथीचा तो स्राव, आणि प्राणी ताणाखाली असल्याची खूण. जुनाट झालेला हा आजार पुरता बरा होत नाही. असा प्राणी पैदाशीतून काढा आणि औषध दिलेला उंदीर सापाला खाऊ घालू नका.

वास तपासण्याची वेळही चुकते. दिवसभर त्याच खोलीत वावरणाऱ्याच्या नाकाला वास कळेनासा होतो. बाहेरून आल्याबरोबर, झाकण उघडून भुशाच्या उंचीवर नाक नेऊन पाहा. डोळ्यांत चुरचुरले तर साफसफाईला आधीच उशीर झाला आहे. कोरड्या दिवसांत आठवड्याला एकदा भुसा बदलला तरी चालते, पावसात तीन-चार दिवसांनी बदलावा लागतो. प्रत्येक वेळी घरट्यातला मूठभर कोरडा जुना भुसा परत टाका. ओळखीचा वास अजिबात नाहीसा झाला तर नर सगळीकडे नव्याने मूत्राच्या खुणा करतो आणि दोन दिवसांत वास पूर्वीपेक्षा वाढतो.

भुसा कुठला घ्यायचा? सॉ मिलमधला मिळेल तो बारीक भुसा नको. त्यात धूळ असते आणि लाकडावर काय मारले होते ते समजत नाही. पाइन किंवा सीडरसारख्या वासाच्या लाकडातली द्रव्ये फुप्फुसाला आणि यकृताला त्रासदायक. भाताचे तूस फुकट मिळते, पण ते पाणी शोषत नाही आणि टोचते. नारळाच्या काथ्याचा भुगा पावसात बुरशी धरतो. कागदाच्या पट्ट्या किंवा धूळ काढलेले लाकडाचे जाडसर छिलके, हेच इथे टिकते.

मे महिन्याचा हिशेब जुलैत कळणे

माइस-रॅटना २० ते २६ अंश मानवते. ३० च्या वर ते सुस्तावतात, ३२-३३ ला रॅट शेपटी आणि अंग पसरून पडलेले दिसतात. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत डबे ठेवू नका. चिऱ्याच्या भिंतीची तळमजल्याची, उत्तरेकडची खोली उत्तम. ओले फडके टाकून गारवा मिळतो ही विदर्भातली युक्ती, आपल्याकडे हवा आधीच ओली असल्याने पाणी उडत नाही आणि डबा फक्त दमट होतो. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याच्या एका टोकाला टेकवा आणि पंखा खोलीत फिरता ठेवा, थेट डब्यावर नको.

उकाड्यात नराचे वीर्य बिघडते. माइसमध्ये शुक्राणू तयार व्हायला साधारण ३५ दिवस लागतात, रॅटमध्ये त्याहून जास्त. म्हणून मेच्या उकाड्याचे फळ जून-जुलैत दिसते: माद्या गाभण राहत नाहीत, राहिल्या तर वेत दोन-तीन पिलांचे. तेव्हा नर बदलण्याची घाई करू नये, महिनाभर थांबावे.

नर नव्याने आणल्यावर आधीच गाभण असलेली मादी रिकामी होते, हेही पुष्कळदा गोंधळात टाकते. माइसमध्ये परक्या नराच्या वासाने सुरुवातीच्या दिवसांतला गर्भ टिकत नाही. हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्ये हे दाखवले. नर बदलायचाच असेल तर माद्या व्याल्यानंतर बदला.

पाणी, मुंग्या आणि जंगली उंदीर

पिले मेलेली आणि भुसा चिंब, असे दिसले तर बाटलीकडे पाहा. नळीतली गोळी कचऱ्याने अडकली की बाटली गळते. उलट हवेचा बुडबुडा अडकला की भरलेल्या बाटलीतूनही थेंब येत नाही आणि दूध पाजणारी मादी तहानेने पिले खाते. रोज नळीला बोट लावून थेंब पडतो का ते पाहा. माइसला दिवसाला ५ ते ७ मिलिलिटर, रॅटला २५ ते ४५ मिलिलिटर पाणी लागते. दूध पाजणाऱ्या मादीला याहून जास्त.

लाल मुंग्या नवजात पिलांना जिवंत खातात. रॅकचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका आणि रॅक भिंतीला टेकू देऊ नका. मुंग्यांचा खडू डब्याजवळही नको. त्यातले कीटकनाशक उंदरांनाही बाधते.

पोरसातले जंगली उंदीर खाण्याच्या वासाने येतातच. त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि गोव्यात पावसाळ्यात हा आजार दरवर्षी डोके वर काढतो. खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवा, हातमोजे घाला. पिंजऱ्यात सापडलेला जंगली उंदीर सापाला कधीच देऊ नका. शेजाऱ्याने टाकलेले उंदराचे औषध त्याच्या पोटात असेल तर साप जातो. उंदरांमागोमाग घोणस किंवा नागही येतो, त्यामुळे खोलीच्या दाराखालची फट बुजवा.

खाणे

नुसता भात, शिळी चपाती आणि कोबी यांवर उंदीर जगतात, पण वितात कमी. पैदाशीच्या जोडीला १८ ते २० टक्के प्रथिने असलेले लॅब पेलेट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठीचे तयार गोळी-खाद्य, द्या. माइस दिवसाला ३ ते ५ ग्रॅम खातो, रॅट १५ ते २० ग्रॅम. पावसाळ्यात मोठे पोते घेऊ नका. मका आणि शेंगदाण्यावर दिसणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन सोडते, आणि ते उन्हात वाळवून जात नाही.

मादी पिले खाते तेव्हा

पहिलटकरणीने एखादे पिल्लू खाणे विशेष नाही. दुसऱ्या वेतातही तसेच झाले तर कारण शोधा: पाणी, प्रथिने, उकाडा, गर्दी, आवाज. चतुर्थीचे फटाके आणि नरकासुराच्या रात्रीचे पहाटेपर्यंत चालणारे स्पीकर या दिवसांत वेत येऊ नये म्हणून चार आठवडे आधी नर वेगळा करा. व्याल्यावर चार दिवस घरट्याला हात लावू नका. पिलांच्या पोटात दुधाची पांढरी पट्टी दिसली की सारे ठीक.

पिले २१ दिवसांनी आईपासून तोडा आणि त्याच वेळी नर-मादी वेगळे करा. दहाव्या दिवसाच्या आसपास मादीच्या पोटावर स्तनाग्रे दिसतात, तीच ओळखायची सोपी वेळ. पाच-सहा आठवड्यांच्या माइसच्या पोरी गाभण राहू शकतात, पण पहिले वेत आठ आठवड्यांनंतरच बरे.

मारणे आणि साठवणे

जिवंत उंदीर फ्रीजरमध्ये टाकणे ही क्रूरता आहे, आणि व्हिनेगर-सोड्याचा घरगुती प्रयोगही. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडण्याची पद्धत पशुवैद्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. दहा दिवसांपेक्षा लहान पिले या वायूला फार वेळ दाद देत नाहीत. त्यामुळे पिंकीसाठी वेगळी पद्धत विचारा. जिवंत उंदीर सापाच्या डब्यात सोडू नये, भुकेला नसलेल्या सापाला तो कुरतडतो.

मेलेले उंदीर आकारानुसार पिशव्यांत, तारीख घालून, घरच्या जेवणापासून वेगळे, उणे १८ अंशांवर ठेवा. वीज गेली की फ्रीजर उघडू नका. पूर्ण विरघळलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही. सापाला द्यायच्या आदल्या रात्री पिशवी फ्रीजच्या खालच्या खणात ठेवा, सकाळी बंद पिशवीसह कोमट पाण्यात बुडवा आणि पोट आतून थंड लागत नाही हे दाबून पाहूनच द्या. मायक्रोवेव्हमध्ये पोट फुटते.