मागील पानावरून पुढे: सहवैमानिक होण्याची तयारी

विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून रुजू होण्यासाठी काय काय तयार हवे, याची यादी मी पहिल्या मुलाखतीपूर्वीही केली होती आणि ती पूर्ण झाल्याची माझी खात्री होती. परवाना, बहुइंजिन व इन्स्ट्रुमेंट रेटिंग (एकाहून अधिक इंजिनांचे विमान आणि केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता), पासपोर्ट, छायाचित्रे, इस्त्रीचा सदरा, सारे तिच्यात होते. नव्हती ती लॉगबुकातील, म्हणजे उड्डाणतासांच्या नोंदवहीतील, बेरजांची फेरतपासणी. एका पानाच्या तळाशी असलेले 178 तास पुढच्या पानाच्या माथ्यावर उतरवताना मी 187 लिहिले होते, आणि ते नऊ फुकटचे तास ‘मागील पानावरून पुढे’ या ओळीतून शेवटच्या पानापर्यंत चालत आले. अर्जात मी 212 तास भरले; प्रशिक्षण संस्थेच्या दाखल्यावर 203 होते. समोरच्या कॅप्टननी दोन्ही कागद शेजारी ठेवून खरा आकडा कोणता, एवढेच विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. त्या जागेसाठी 203 तासही पुरेसे होते, हे आठवले की अजूनही चडफडायला होते.

तेव्हा अर्ज भरण्याच्या निदान महिनाभर आधी लॉगबुक पहिल्या पानापासून उघडावे आणि प्रशिक्षकासह, स्वतःच्या कमांडखाली, दिवसा, रात्री, क्रॉस कंट्री, इन्स्ट्रुमेंट, बहुइंजिन असा प्रत्येक रकाना नव्याने मोजावा. उभ्या बेरजेबरोबर आडवीही करावी. दिवसाचे व रात्रीचे तास मिळून एकूण तास येत नसतील तर चूक त्याच पानावर आहे. फरकाला नऊने नेमका भाग जात असेल, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा. ही खूण हिशेबनिसांना पूर्वापार ठाऊक आहे; मला ती मुलाखतीनंतर कळली. संगणकावर बेरीज करणाऱ्यांनी एक तास चाळीस मिनिटे 1.40 अशी भरू नयेत, कारण अशा दोन उड्डाणांची बेरीज यंत्र 2.80 दाखवते आणि खरे उत्तर तीन तास वीस मिनिटे असते. दशांशच हवा असेल तर सहा मिनिटांना 0.1 धरावे आणि शेवटपर्यंत तीच पद्धत ठेवावी. विमान उड्डाणासाठी प्रथम हलल्यापासून उड्डाण संपवून पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ मोजायचा असतो, केवळ हवेतला नव्हे. सिम्युलेटरचे तास वेगळ्या रकान्यात राहू द्यावेत. ते एकूण उड्डाण तासांत मिसळले, तर तो निष्काळजीपणा आहे की लबाडी हे समोरचा माणूस ठरवतो, तुम्ही नाही. शेवटी लॉगबुक, संस्थेचा दाखला आणि अर्ज हे तिन्ही एका टेबलावर ठेवून आकडा आकड्याशी जुळवावा.

वर्ग 1 चे वैद्यकीय प्रमाणपत्र तरुण वैमानिकासाठी सामान्यतः 12 महिनेच टिकते, म्हणून त्याची मुदत निवडप्रक्रियेच्या मध्येच संपणार नाही ना, हे पाहावे. इंग्रजी प्रावीण्याची चौथी पातळी पुरेशी असली तरी ‘आयकाओ’ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिफारशीनुसार तिची दर तीन वर्षांनी फेरपरीक्षा असते, पाचवीची सहा वर्षांनी, सहावीची नाही. प्रशिक्षण आणि नोकरी यांत मोठा खंड पडला तर इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत टळू देऊ नये. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच असावे. पेहरावाबद्दल मी काही लिहिणार नाही.

लेखी परीक्षेसाठी हवामान, उड्डाणतत्त्वे, कार्यक्षमता आणि नॅव्हिगेशन पुन्हा वाचावे लागतेच. पाठ केलेली प्रश्नावली तोंडी परीक्षेत दुसऱ्या प्रश्नापर्यंतही टिकत नाही. व्ही-वन (टेकऑफ सोडून देण्याचा निर्णय ज्याच्या आतच घ्यावा लागतो तो वेग) म्हणजे काय हे सांगून झाल्यावर ओल्या धावपट्टीवर तो कमी का धरतात, असे लगेच विचारले जाते. आणि ज्या विमानाचे सर्वाधिक तास तुमच्या लॉगबुकात आहेत, त्या विमानाबद्दल प्रश्न येणारच. लहान प्रशिक्षण विमान म्हणून त्याला हलके समजू नये.

सिम्युलेटर चाचणीत अनोळखी जेट तुम्ही सफाईने उडवावे अशी अपेक्षा नसते. चूक लवकर दिसते का आणि दुसऱ्या उमेदवाराबरोबर काम जमते का, हे पाहिले जाते. समतल उड्डाण, चढण आणि अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणे) यांसाठीचे पिच (नाकाचा कोन) व थ्रस्टचे (इंजिनाच्या जोराचे) आकडे आधी मिळाले तर ते पाठ करावेत, कारण नजर उपकरणांवरून फिरती ठेवायला तेवढीच उसंत मिळते. दर 1000 फुटांना तीन सागरी मैल धरले की 30,000 फुटांवरून उतरायला सुमारे 90 मैल लागतात, आणि तीन अंशांच्या उतारावर जमिनीसापेक्ष वेगाची निमपट करून एक शून्य जोडले की उतरण्याचा दर मिळतो: 140 नॉटला मिनिटाला 700 फूट. अप्रोच 1000 फुटांवर स्थिर नसेल तर गो-अराउंड करावा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावे. त्यासाठी कोणी नापास करत नाही, रेटून उतरवल्यासाठी करतात. दुसरा उमेदवार उडवत असताना गप्प बसू नये, तेव्हाही परीक्षा तुमचीच चालू असते. ही चाचणी उत्तम झाल्यावर मी निर्धास्त होतो. लॉगबुक त्यानंतर मागितले गेले.

निवड झाल्यावर बाँडची (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची) मुदत आणि तो मोडल्यास भरायची रक्कम वाचून मगच सही करावी. टाइप रेटिंगपूर्वी, म्हणजे विशिष्ट विमानप्रकाराच्या प्रशिक्षणापूर्वी, मेमरी आयटम (आणीबाणीत यादी न वाचता करायच्या कृती), मर्यादा आणि फ्लो (कॉकपिटमध्ये हात फिरवण्याचा ठरलेला क्रम) कागदी कॉकपिटसमोर बसून, हात खरोखर फिरवून पाठ करावेत. नुसते वाचून ते येत नाहीत. ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर, परीक्षा आणि बेस ट्रेनिंग (प्रवाशांविना खऱ्या विमानातील सराव) यांचे वेळापत्रक कंपनीच देते, आपण झोप सांभाळावी.

लाइन ट्रेनिंगमध्ये, म्हणजे प्रवाशांसह नेहमीच्या उड्डाणांवरील प्रशिक्षणात, प्रशिक्षक कॅप्टन जसे सांगतील तसे करावे, 10,000 फुटांखाली कामाव्यतिरिक्त बोलू नये, न समजलेले त्याच दिवशी विचारावे. आणि लॉगबुक रोज संध्याकाळी भरावे, सहवैमानिकाचे तास कमांडच्या रकान्यात जाऊ देऊ नयेत, कारण पुढे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या 1500 तासांच्या परवान्यासाठी हेच पुस्तक तपासले जाणार आहे आणि त्यात सिम्युलेटरचे फार तर 100 तास धरले जातात. पान संपले की तळाचा आकडा पुढच्या पानावर उतरवताना एकेक अंक मोठ्याने वाचावा, मग पान उलटून पुन्हा एकदा पाहावा.