नवीन घराच्या भिंतींना काय लावायचं? आधी एक पावसाळा जाऊ द्या

कोकणात चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर उभं राहिलं की एप्रिल-मेमध्ये एकच घाई, पाऊस लागायच्या आत वास्तुशांत उरकायची आणि त्याआधी भिंती चकाचक करायच्या. माझं कळकळीचं सांगणं आहे, आतल्या भिंतींवरचा मोठा खर्च या घाईत करू नका, कारण चिरा पाणी धरून ठेवतो, गिलावाही धरतो, आणि नवी भिंत वरून कोरडी दिसली तरी आत ओल असतेच.

गिलाव्याला निदान सात दिवस नीट पाणी मारून घ्या, आणि गिलावा केल्यापासून साधारण २८ दिवस तरी होऊ द्या. मग दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून दव धरलं असेल किंवा तेवढीच भिंत काळपट दिसत असेल तर अजून थांबायचं, पेंटर काहीही म्हणो.

बाहेरून मात्र थांबू नका. गिलावा सुकला की भेगा भरून एक्स्टिरियर प्रायमर आणि वेदरप्रूफ रंगाचे दोन हात पावसाआधी झालेच पाहिजेत, त्यातही नैऋत्येची, म्हणजे झडीची बाजू आधी. आतून वास्तुशांतीपुरते व्हाइट सिमेंटचे दोन हात पुरतात. डिस्टेंपर नको, कारण नंतर पुट्टी, म्हणजे भिंत गुळगुळीत करायचा लेप, लावताना तो सगळा खरवडून काढावा लागतो.

मग पावसाळाभर भिंती बघत राहायच्या. खिडकीच्या खालचे कोपरे, बाथरूमच्या पलीकडची बेडरूमची भिंत, स्लॅब आणि भिंतीचा सांधा, इथे ओल किंवा पांढरी क्षारांची पावडर दिसली की पेन्सिलने गोल करून तारीख टाका आणि फोटो काढून ठेवा. दिवाळीनंतर आधी त्याच जागांचं कारण शोधून काम करून घ्या, पाइप असेल तर पाइप, खिडकीचा उतार आत असेल तर तो. ओल झाकायला पीव्हीसी पॅनल लावायचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका, पॅनलमागे ओल तशीच राहते आणि लाकडी पट्ट्या असतील तर वाळवीला आयतं घर मिळतं.

भिंती कोरड्या झाल्या की पुट्टीचे दोन पातळ हात, मिळून दीड मिलिमीटरच्या वर नको, जाड थर पुढे पोपडे होऊन सुटतो. घासून झाल्यावर रात्री टॉर्च भिंतीला लावून आडवा उजेड टाका, सगळे उंचवटे दिसतात, ते प्रायमरच्या आधीच दुरुस्त करून घ्या.

आता निवड. हॉल आणि बेडरूमला मॅट किंवा हलकी चमक असलेलं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा रंग, घ्या, जास्त चमक घेतली की भिंतीचा प्रत्येक खड्डा दिसतो. जिन्याच्या आणि पॅसेजच्या भिंतीला हात लागतातच, तिथे धुता येणारा रंग हवा, पूर्वी कमरेपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा मारायचे तो उगाच नव्हता. किचनमध्ये ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत टाइल्स लावाच, फोडणीचे डाग रंगावरून पूर्ण जात नाहीत. बाथरूमला सात फुटांपर्यंत टाइल्स लावा, आणि व्हिट्रिफाइड घेणार असाल तर त्या जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषतात म्हणून नुसत्या सिमेंटवर धरत नाहीत, टाइल अॅढेसिव्हच वापरायला सांगा. जिप्सम प्लास्टर करणार असाल तर ते फक्त कोरड्या खोल्यांत.

वॉलपेपर हवाच असेल तर आतल्या, कोरड्या राहिलेल्या एकाच भिंतीला लावा. झडीच्या भिंतीवर विनाइलचा पेपर लावला तर ओल बाहेर पडत नाही आणि मागे बुरशी धरते. नेहमीचा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो. दहा बाय दहाच्या भिंतीला सहा पट्टे लागतात आणि एका रोलमधून तीनच निघतात, म्हणजे दोन रोल, पण डिझाइन मोठं असेल तर जुळवाजुळवीत पेपर वाया जातो म्हणून तिसरा घेऊन ठेवा, आणि सगळे एकाच बॅचचे घ्या, नाहीतर शेड बदलते.

रंगाची शेड कार्डावरून फायनल करू नका. भिंतीवर दोन फुटांचा चौकोन मारून सकाळी, दुपारी आणि रात्री घरातले दिवे लावून बघा, पिवळ्या एलईडीत राखाडी रंग वेगळाच दिसतो. मग डब्यांची ऑर्डर द्या.