आईस स्केटिंग शिकताय? मग मोठ्यांनी हेल्मेटच्या या चुका टाळा

इंदूरहून हिवाळ्यात शिमल्याला गेलेली मंडळी तिथल्या उघड्या रिंकवर हौसेने उतरतात, कोणी मुलाकडे गुरुग्रामला गेलं की मॉलमधल्या रिंकवर जातं. आणि तिथे काय दिसतं, तर नातवाच्या डोक्यावर हेल्मेट, गुडघ्याला पॅड, सगळं व्यवस्थित, आणि शेजारी कठडा धरून उभे असलेले आजोबा किंवा आई उघड्या डोक्याने. अहो, खरं तर मोठ्यांना जास्त गरज आहे. आपलं डोकं जास्त उंचावरून खाली येतं, वजन जास्त असतं आणि पडायची सवय तर कधीच सुटलेली असते.

मोठी माणसं पडतात कशी ते नीट बघा. भीती वाटली की माणूस गुडघे ताठ करतो, अंग मागे टाकतो, तेवढ्यात ब्लेड पुढे सटकतात, आधी बूड आपटतं आणि पुढच्याच क्षणी मानेला झटका बसून डोक्याची मागची बाजू बर्फावर. म्हणून हेल्मेट बघताना पहिला प्रश्न हाच विचारा, मागे किती खालपर्यंत येतं?

घरात आहे तेच नेऊया

2025 च्या ऑगस्टपासून आपल्याकडे इंदूरला हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा आदेश लागू झाला, तेव्हापासून घरोघरी स्कूटरचं हेल्मेट आहेच, मग तेच बॅगेत टाकलं जातं. ते रस्त्यासाठी बनवलंय. फुल फेसवालं जड असतं, मानेवर भार येतो, खाली पायाजवळचं नीट दिसत नाही आणि मागून कोण येतंय ते ऐकू येत नाही, नवशिक्यासाठी हे वाईटच. क्रिकेटचं हेल्मेट तर अजिबात नको, ते समोरून येणाऱ्या चेंडूसाठी असतं, मागचा खालचा भाग बऱ्यापैकी उघडा राहतो.

सायकलचं हेल्मेट काहीच नसण्यापेक्षा नक्की बरं, पण त्याच्या आतला थर्माकोलसारखा फोम एकच मोठा मार झेलतो, नंतर तो दबलेलाच राहतो आणि वरून काही कळतही नाही. त्यातही मागे टोकदार शेपटीवालं घेऊ नका, पाठीवर पडलात की ते टोक आधी टेकतं आणि हेल्मेट पुढे सरकतं.

माझं मत विचाराल तर सरळ आईस हॉकीचं हेल्मेट घ्या. मागे खालपर्यंत झाकतं आणि वारंवार पडण्याचा विचार करूनच बनवलेलं असतं. दुकानात नुसतं हॉकी म्हणालात तर मैदानी हॉकीच्या गोलकीपरचं काढून देतील, तेव्हा 'आईस हॉकी' असं स्पष्ट सांगा. हेल्मेटवर एचईसीसी, सीएसए किंवा सीई (हेल्मेट सुरक्षा चाचणीत पास झाल्याच्या खुणा) यातलं स्टिकर आहे का बघा, एचईसीसीच्या स्टिकरवर मुदतही छापलेली असते. ते नाहीच मिळालं तर एएसटीएम एफ1492 हे सुरक्षा मानक लिहिलेलं गोल आकाराचं स्केटबोर्डचं हेल्मेट चालेल.

घातलंय, पण बसलंय कुठे?

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. टेप घेऊन भुवयांच्या जरा वरून डोक्याचा घेर मोजा, साइज बहुतेक सेंटीमीटरमध्ये दिलेली असते. घातल्यावर पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं राहायला हवी. बाजूचे पट्टे कानाच्या पाळीखाली जुळावेत, हनुवटीखाली एकच बोट जाईल इतकाच पट्टा सैल. आता तळहाताने पुढची कड वर ढकला, कपाळ उघडं पडलं तर मागची चकती किंवा पट्टा अजून आवळा. मान जोरात डावी-उजवी हलवा, हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलायला पाहिजे, हेल्मेट एकटंच फिरलं तर ते सैल आहे, एक साइज लहान बघा.

बायकांनो, अंबाडा आणि क्लचर आधी काढा. क्लचर म्हणजे नेमकं मार बसतो तिथेच कडक प्लॅस्टिक ठेवणं. वेणी खाली मानेवर घाला. स्कूटरवर बांधतो तसा स्कार्फ बांधून मागे गाठ मारली तरी हेल्मेट वर उचललं जातं. शिमल्याच्या थंडीत लोकरीच्या कानटोपीवर हेल्मेट चढवतात तेही नको, घालायचीच तर पातळ टोपी, आणि साइज बघताना ती घालूनच बघा.

कपाळ दुखतंय? बहुतेक वेळा हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याशी जुळत नाही, पट्टा ढिला करून उपयोग नाही, दुसरं मॉडेल बघा. चष्म्याच्या काड्या टोचत असतील तर हेल्मेट आधी, चष्मा नंतर. रिंकवर भाड्याने मिळालेल्याचा हुक एकदा ओढून तपासा, तुटका असेल तर बदलून मागा, लाजू नका.

घरी आल्यावर ते कारच्या डिकीत ठेवू नका, आपल्या मे महिन्यात बंद गाडी इतकी तापते की फोम आणि गोंद दोन्ही खराब होतात. साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा, थिनर-पेट्रोल लावू नका.

डोकं आपटलंच तर

हेल्मेट कवटी वाचवतं, पण आतला मेंदू हलायचा तो हलतोच, म्हणून 'हेल्मेट होतं ना' म्हणून लगेच पुन्हा उतरू नका. त्या दिवशी स्केटिंग बंद. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, खूप झोप येणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं असं काही झालं तर थेट इमर्जन्सीत. आणि घरातलं कोणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर काहीही त्रास होत नसला तरी त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या, आणि गोळीचं नाव तिथे पोचल्या पोचल्या सांगा.