आधी पेट्रोल, मग हवा: ऑक्टाव्हिया आरएस २३० ला मोठा टर्बो लावायचा तर

टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पार्ट, बदलायचा म्हटलं की सगळे आधी टर्बोच विकत घेतात. बॉक्स घरी येतो, फोटो काढले जातात, आणि मग महिनाभराने कोणीतरी विचारतं की फ्युएलचं काय केलंस, तेव्हा लक्षात येतं की अरे ते राहिलंच. मी पण हेच केलं होतं आणि त्यात थोडक्यात इंजिन वाचलं, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय. माझी गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१७ ची, तीच जी आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या प्लांटमध्ये जोडली गेली. इंजिन १९८४ सीसीचं ईए८८८ जेन ३ (फोक्सवॅगन ग्रुपच्या इंजिनाची तिसरी पिढी), कंपनीकडून २३० पीएस (हॉर्सपॉवर) ताकद आणि ३५० एनएम टॉर्क. त्यावर येतो आयएचआयचा आयएस२० टर्बो. गोल्फ आर आणि ऑडी एस३ ला याच इंजिनावर आयएस३८ लागतो, तो मोठा आहे आणि बोल्टला बोल्ट बसतो, म्हणून या गाडीवाल्यांचा पहिला डोळा त्याच्यावर असतो.

आता मुद्दा असा की टर्बो फक्त हवा देतो. जेवढी हवा वाढली तेवढं पेट्रोल वाढलंच पाहिजे, नाहीतर मिश्रण लीन होतं म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग सुरू होतं म्हणजे ते चुकीच्या वेळी आपोआप पेटतं, पिस्टन तापतो आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. आपण ढोबळ हिशोब करू. टर्बो पेट्रोल इंजिनाला फुल लोडवर दर किलोवॉट-तासाला साधारण ३३० ग्रॅम पेट्रोल धरा. २३० पीएस म्हणजे १६९ किलोवॉट, म्हणजे तासाला ५६ किलो, लिटरमध्ये ७५ च्या आसपास. तुम्हाला ३२० पीएस पाहिजेत तर २३५ किलोवॉट, ७८ किलो, म्हणजे १०४ लिटर. आणि पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद कमी असते म्हणून अजून सहा-सात टक्के जास्त लागतं, म्हणजे १११-११२ लिटरवर गेलो. कंपनीच्या हिशोबापेक्षा जवळजवळ दीडपट. टाकीतल्या पंपापासून इंजेक्टरच्या टोकापर्यंत प्रत्येक पार्टला हे दीडपट झेपलं पाहिजे.

यात डायरेक्ट इंजेक्शनची वेगळी अडचण आहे. जुन्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत, जिथे पेट्रोल सिलिंडरच्या आधी हवेच्या वाटेत मारलं जातं, ६००० आरपीएमला इंजेक्टरला दोन फेऱ्यांचे मिळून २० मिलीसेकंद मिळतात, वाटलं तर जवळजवळ पूर्णवेळ उघडा ठेवा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, ते पण मुख्यतः इनटेक स्ट्रोक चालू असताना मारायचं असतं आणि तो स्ट्रोक असतो ५ मिलीसेकंदांचा, थोडं मागेपुढे धरा. एवढ्या वेळात सगळं आत जायचं तर प्रेशर लागतं, म्हणून या इंजिनात रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, २०० बारपर्यंत प्रेशर असतं. ते तयार करतो हाय प्रेशर पंप, जो कॅमशाफ्टवरच्या चार लोबने, म्हणजे उंचवट्यांनी, चालतो. ६००० आरपीएमला कॅम ३००० ने फिरतो, गुणिले चार, म्हणजे मिनिटाला १२००० धक्के. वरचे १०४ लिटर त्यात वाटले तर एका धक्क्याला ०.१४ मिली पेट्रोल. आकडा छोटा दिसतो पण स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ, पंपाची हद्द इथेच कुठेतरी संपते, आणि ती संपली की रेलचं प्रेशर पडायला लागतं.

माझ्या बाबतीत तेच झालं. ज्या गॅरेजने टर्बो बसवला त्यांनी सांगितलं स्टॉक पंपावर आरामात चालेल, आणि शहरात आठवडाभर चाललं सुद्धा, पिकअप तर असं की बघत राहावं. मग साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर, पुढचा ट्रक ओव्हरटेक करायला पाय पूर्ण दाबला, साडेपाच हजारच्या आसपास गाडीने एकदम मान टाकली, ईपीसीचा (इंजिनाच्या कंट्रोलमधली गडबड सांगणारा) दिवा लागला आणि लिंप मोड, म्हणजे इंजिन वाचवायला गाडीने स्वतःच ताकद कापली. घाट चढून बाजूला थांबलो, हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी डायनोवर (गाडी रोलरवर पळवून ताकद मोजायचं मशीन) लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद, घेतला तेव्हा चित्र स्वच्छ दिसलं: ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) २०० बार मागतोय आणि रेलमध्ये ५२०० आरपीएमला ११८ बार, लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, आकडा वाढला की मिश्रण लीन) ०.८४ वरून ०.९५ ला सरकलेला. पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिसऱ्या रेषेने, ती होती टाकीतल्या पंपाच्या लो प्रेशरची, जी ५ बारवरून ३ च्या खाली गेली होती. म्हणजे हाय प्रेशर पंपाला वरून पेट्रोलच पुरत नव्हतं. मी नुसता हाय प्रेशर पंप बदलला असता तरी तेच झालं असतं.

म्हणून माझा क्रम असा, आणि यावर मी ठाम आहे: आधी लॉग, मग फ्युएल, मग टर्बो, मग मॅप, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर.

लॉग म्हणजे गाडी आहे तशी असताना, स्टॉक टर्बोवर, डायनोवर दोन-तीन पुल (पाय पूर्ण दाबून वरच्या आरपीएमपर्यंतची धाव) घ्या आणि मागितलेलं व मिळालेलं रेल प्रेशर, लो प्रेशर, लॅम्बडा, प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन रिटार्ड (नॉकिंग टाळायला स्पार्क किती डिग्री उशिरा दिला जातो) आणि इनटेकचं तापमान लिहून ठेवा. स्टॉकवरच लो प्रेशर डगमगत असेल तर पंप थकलाय किंवा फिल्टर चोंदलाय, आधी ते बघा. कॉइल, प्लग, कुलंट, ऑइलची गळती सगळं याच वेळी. या इंजिनाचं वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाऊसिंग गळतं हे बऱ्याच जणांना माहीत आहे, त्याच्याखाली गुलाबी सुकलेले डाग दिसले तर टर्बोचे पैसे तिकडे वळवा.

फ्युएलमध्ये पहिला नंबर टाकीतल्या पंपाचा. तो मागच्या सीटखाली असतो, झाकण काढलं की वरून दिसतो. गाडी गार हवी, टाकी अर्ध्याच्या खाली हवी, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला, दारं उघडी, आणि जवळ अग्निशामक सिलिंडर. कॉलर रिंग हातोडा आणि स्क्रूड्रायव्हरने ठोकून सोडवणारे मी पाहिलेत, ठिणगी पडली तर कोण जबाबदार, रिंगचं टूल मिळतं ते घ्या. पंप बाहेर काढताना फ्लोटची दांडी वाकू देऊ नका, नाहीतर पुढे आयुष्यभर काटा खोटं सांगेल. रबरी सील नवीनच टाका, जुनं फुगलेलं असतं आणि परत बसत नाही. दोन दिवस गाडीत पेट्रोलचा वास आला तर सील बसलं नाही असं समजा आणि परत उघडा. नवीन पंप जास्त करंट ओढणारा असेल तर त्याचा कंट्रोल मोड्यूल आणि वायर ते सोसते का हे विक्रेत्याला आधी विचारून घ्या.

दुसरा हाय प्रेशर पंप. मोठ्या प्लंजरचे अपग्रेड पंप या इंजिनासाठी सहज मिळतात. उघडायच्या आधी प्रेशर उतरवा: पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, इंजिन चालू करा, आपोआप बंद पडेल, मग पुन्हा एकदोनदा सेल्फ मारा. हे सोडू नका, २०० बारची बारीक धार कातडीच्या आत घुसते, आणि त्याला लहान जखम समजून चालत नाही. युनियन सोडताना फडकं गुंडाळा, चष्मा घाला. आता जी गोष्ट पुष्कळ फिटर पण विसरतात ती: पंपाखालचा रोलर फॉलोअर कॅमच्या लोबवर चढलेला असेल तर आतली स्प्रिंग पंपाला वर ढकलत असते, आणि अशात तुम्ही एक बोल्ट पूर्ण काढला की पंप तिरका होतो आणि दुसऱ्याचे आटे जातात, ते पण अल्युमिनियमच्या हेडमधले. म्हणून क्रँक पान्याने हळूहळू फिरवा, लोब उतरला की पंप खाली बसल्याचं हाताला कळतं, तेव्हा दोन्ही बोल्ट अर्धा अर्धा फेरा आलटून पालटून सोडा. बसवताना पण तसंच. फॉलोअर बाहेर काढून उजेडात बघा, रोलर गुळगुळीत फिरला पाहिजे, खरवडला असेल तर बदला. नवीन ओ-रिंगला इंजिन ऑइल लावा. टॉर्क वर्कशॉप मॅन्युअलमधला, अंदाजाने नाही.

काही देशांतल्या जेन ३ इंजिनांना थेट इंजेक्टरांबरोबर पोर्ट इंजेक्टर पण असतात. तुमच्या गाडीत ते आहेत का हे स्वतःच्या डोळ्यांनी इनटेक मॅनिफोल्डजवळ बघा, कारण असतील तर वरच्या आरपीएमला पेट्रोलचा मोठा वाटा तिकडून देता येतो आणि हाय प्रेशर पंपावरचा ताण उतरतो. नसतील तर व्हॉल्व्हवर कार्बन पण जास्त बसतो, मॅनिफोल्ड उतरवलंच आहे तर तोही साफ करून घ्या.

आता टर्बो. जुना आयएस३८ बाहेरून मागवत असाल तर शाफ्ट हाताने हलवून बघा, आडवा किंचित हलणं चालतं कारण आत ऑइल नाही, पण पुढे-मागे हलला तर घेऊ नका. ब्लेडच्या कडा नखाने तपासा. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच आहे, टर्बो थेट हेडला लागतो आणि तो असतो मागे, फायरवॉलच्या बाजूला, त्यामुळे हात जायला जागा नाही. अर्धं काम वरून, अर्धं खालून. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. आदल्या रात्री सगळ्या नटांवर पेनेट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. सकाळी डाऊनपाइप, हीट शील्ड, कुलंट लाइन, ऑइल फीड, ऑइल रिटर्न या क्रमाने सोडा आणि प्रत्येकाचे बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा. गास्केट, नट, वॉशर सगळं नवीन. ऑइल लाइनचा वॉशर एकदा दाबला की त्याचं काम संपलं, त्याला परत वापरून शंभर रुपये वाचवले तर गरम एक्झॉस्टवर ऑइल टपकतं आणि आग लागते. रिटर्नच्या फ्लँजवर सिलिकॉन चोपडू नका, त्याचे गोळे आत सुटतात.

बसवल्यावर लगेच स्टार्ट नाही. फीडच्या भोकातून स्वच्छ ऑइल ओता, कॉम्प्रेसरचं चाक बोटाने फिरवा, चाक जड आणि चिकट फिरायला लागलं की ऑइल बेअरिंगला पोचलं. मग फ्युएल बंद ठेवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइल प्रेशर आलं की मगच चालू करा. पंधरा मिनिटं आयडलवर, रेस अजिबात नाही, टॉर्च घेऊन खाली बघत राहा. कुलंटची हवा काढा. वेस्टगेटचा (टर्बोचं प्रेशर आवरणाऱ्या झडपेचा) इलेक्ट्रिक अॅक्चुएटर स्कॅनरवरून बेसिक सेटिंगमध्ये शिकवून घ्यावा लागतो, तो शिकवला नाही तर बूस्ट कधी कमी कधी जास्त येतो आणि लोक उगाच टर्बोला दोष देतात.

बरोबर एक नंबर थंड रेंजचे (उष्णता लवकर सोडणारे) स्पार्क प्लग घ्या, गॅप ०.६ मिमीच्या आसपास. मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) घ्याच, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच चाळीस डिग्री असतं. ब्रेक पॅड आणि टायर चांगले हवेत हे वेगळं सांगत नाही.

मॅपच्या बाबतीत ट्यूनरला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, तुम्ही रोज जे पेट्रोल भरता त्यावरच मॅप बनवायचा. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० पासून मुंबई-पुण्यात मोजक्या पंपांवर मिळतं, चांगलं आहे, पण कोल्हापूरच्या पुढे एखाद्या रात्री ते मिळालं नाही तर काय, म्हणून रोजचा मॅप ९५ ऑक्टेनवर आणि १०० चा वेगळा. दोन, अडीच हजार आरपीएमच्या खाली भरपूर टॉर्क नको, छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त लोडवर वेळेआधीच पेट घ्यायचा प्रकार होतो आणि तो पिस्टन फोडतो, त्यासाठी ऑइलही एपीआय एसपीच्या दर्जाचं पण कंपनीच्या स्पेकमध्ये बसणारं घ्या. तीन, डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सहा स्पीडचा डीक्यू२५० वेट क्लचचा आहे पण त्याचा मूळ हिशोब ३५० एनएमचा, म्हणून गिअरबॉक्सचा मॅप पण करा आणि त्याचं ऑइल ६०,००० किमीची वाट न बघता आधी बदला. आकडा मोठा दिसावा म्हणून ३८० पीएस मागू नका. ३२० वर गाडी रोज ऑफिसला जाते, ३८० ला पेट्रोलचा वरचाच हिशोब ई२० न धरताच तासाला १२४ लिटरवर जातो आणि सगळं टोकावर चालतं.

कायद्याचं पण ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या माहितीशी न जुळणारे बदल चालत नाहीत, आणि इन्शुरन्स कंपनीला न सांगता केलेले बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतात. काम सुरू करायच्या आधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडे विचारा. कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढून पाइप सरळ करायचा सल्ला कोणी दिला तर नाही म्हणा, २०० सेलचा (मोकळ्या जाळीचा) कॅट लावा, फरक तुमच्या पायाला कळणार नाही पण मागच्या स्कूटरवाल्याच्या डोळ्याला कळतो. जोरात पळवायची असेल तर कोइम्बतूरचा करी स्पीडवे आहे, चेन्नईचा ट्रॅक आहे. घाटात नाही.

मग परत डायनो, तोच लॉग, तेच रकाने. रेल प्रेशर मागणीच्या पाच टक्क्यांच्या आत पाहिजे, लो प्रेशरची रेष वरपर्यंत सपाट, लॅम्बडा फुल लोडला ०.८० ते ०.८५. एखाद्या सिलिंडरला दोन-तीन डिग्री रिटार्ड आलं तर घाबरू नका, चारही सिलिंडरला पाचच्या वर गेलं तर तिथेच पाय काढा. माझ्या गाडीचा नवीन लॉग जुन्याशेजारी ठेवला तेव्हा ५२०० ला ११८ च्या जागी १९६ बार होतं. ३०० किमी सावकाश चालवा, मग गाडी गार असताना टर्बोचे नट आणि क्लिपा पुन्हा तपासा, १००० किमीला ऑइल बदला आणि जुनं ऑइल पांढऱ्या कापडावर ओतून धातूच्या कणांची चमक दिसते का बघा. आणि हिवाळ्यात मॅप केला असेल तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता एक पुल परत घ्या.